उसवायची टीप

“उसवा,” मी म्हणाले आणि उशीचा अभ्रा सासूबाईंच्या मांडीवर टाकला.

टीप चांगली सरळ होती. पण घरातल्याच आमच्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं, म्हणून मुद्दाम म्हणाले. लग्न होऊन आले तेव्हा याच मशीनवर त्यांनी मला शिवण शिकवलं आणि गिऱ्हाइकांदेखत माझी टीप न् टीप उसवायला लावली. वर, आईनं काही शिकवलंय की नाही, असं विचारायच्या. मी मुकाट्यानं उसवायची आणि मनात म्हणायची, थांब म्हातारे, माझेही दिवस येतील.

आले, पण हे असे! त्यांना विस्मरणाचा आजार जडला. माझं नाव गेलं, नातं गेलं. कात्री चोरली म्हणून शेजारणीपुढे माझ्यावर आळ घेतात. त्यांना न्हाऊ घालायचं मी, भरवायचं मी, आणि त्यांचा लेक सकाळीच डबा उचलतो, “तुला छान जमतं” म्हणतो आणि सटकतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हाताला सवयीचं काम द्या, चुका मात्र दाखवू नका. मी काम दिलं. पुढचं या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. रोज उसवायला लावलं, आणि खरं सांगते, बरं वाटायचं.

त्या दुपारी कपडे वाळत घालून आत आले, तर मशीन जोरात चाललं होतं. मला बघून त्या दचकल्या. मग नीट न्याहाळून हळूच म्हणाल्या, “बाई, ती गेली का हो? उसवायला लावणारी?”

“गेली,” मी म्हणाले.

“येईल परत. फार खाष्ट आहे. पण मीही काही कमी नाही.” त्यांनी सुईकडे बोट दाखवलं. “दोराच काढून टाकलाय. आता काय कपाळ उसवणार?”

आणि तोंडाला पदर लावून हसल्या. उसवायला लावणारीला हरवणं मला कधीच जमलं नव्हतं, ते त्यांनी केलं होतं.

मग अभ्रा माझ्यापुढे धरून विचारलं, “कशी आलीय?”

हे विचारायची माझी कधी छाती झाली नव्हती. मी शेजारी बसले. अभ्रा खिडकीकडे धरला. नुसती भोकं होती, एका रेघेत.

“सरळ आलीय, आई,” मी म्हणाले.