मर्विन ऑल्डेन निवडणुकीला उभा राहतो

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत लोकांनी कुणाला मतं दिली आणि का दिली, हे शोधण्यात मर्विन ऑल्डेनची हयात गेली. ओहायोतल्या आमच्या कॉलेजात आम्ही दोघं इतिहास शिकवायचो. त्याची जाडजूड पुस्तकं विद्यार्थी धास्तीनेच उचलायचे. तो निवृत्तीला आला आणि नगर परिषदेने वाचनालयाची शाखा बंद करायचं काढलं. मर्विन तडकला.

"मीच उभा राहतो!"

"आपल्याकडे कचरा कोणत्या वारी उचलतात, ठाऊक आहे का?" त्याच्या बायकोने, ग्रेटाने विचारलं.

"पन्नास साली मंगळवारी उचलायचे."

प्रचाराला गाडी मी चालवायचो. पहिलंच दार उघडलं मिसेस कोवाल्स्कींनी. पत्रक द्यायचं सोडून मर्विनने विचारलं, "हे घर कधी घेतलंत?"

झालं! त्यांनी आम्हाला आत बसवलं. नवरा कोरियाच्या युद्धावरून परतला, कर्ज मिळालं, गल्ली वसली, सगळं सांगितलं. मग त्यांचा आवाज खाली आला.

"गल्लीत पहिलं काळं कुटुंब आलं, तेव्हा मी त्यांच्यासाठी केक केला होता. नवरा म्हणाला, शेजारी काय म्हणतील? घरातच खाल्ला आम्ही. अजून लाज वाटते हो."

मर्विनने हातातली पत्रकं खिशात ठेवली आणि तो त्यांच्याजवळ नुसता बसून राहिला.

गाडीत मी म्हणालो, "अरे, मत मागायचं राहिलं!"

"त्यानंतर मत कसं मागू?"

दारोदार हेच. तिकडे त्याचा विरोधक, टायरवाला डेल प्रुइट, लोकांच्या कुत्र्यांनासुद्धा नावाने हाका मारत होता. मर्विन सपाटून आपटला.

निकालाच्या संध्याकाळी ग्रेटाने आम्हा दोघांना सूप वाढलं. मर्विन तोंड पाडून म्हणाला, "निदान तुझं मत तरी मला पडलं."

"मी प्रुइटला दिलं."

"काय?"

"वाचनालयाला हात लावणार नाही, असं चारचौघांत वदवून घेतलं त्याच्याकडून. मगच दिलं. तू निवडून आला असतास, तर गटारांच्या बैठकांत बसला असतास. लोकांनी एवढं मन मोकळं केलंय तुझ्यापाशी, ते लिहिणार कोण?"

मर्विन तिच्याकडे बघतच राहिला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मतदार असाही विचार करतो, हे माझ्या एकाही पुस्तकात नाही रे."

"पुढच्यात घाल," ग्रेटा म्हणाली. "आधी सूप पी, गार होतंय."