भट्टी चालू, गाडी बाहेर

मास्तरांनी विजेवरची गाडी घेतली, आणि घेण्याआधी जो विचार करायचा तो घेतल्यानंतर करायला बसले. खरं तर हे त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. मास्तर गाडी चालवायला शिकवत. म्हणजे दिवसभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबत. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी इंडिकेटर दिल्याशिवाय वळायचे नाहीत. घरात पाणी प्यायला उठतानासुद्धा आधी "उठतो हं" म्हणायचे. पण पेट्रोल शिकवणीची निम्मी कमाई गिळायला लागलं, तेव्हा या सावध माणसानं डोळे मिटून उडी मारली. चार्जर काय, भिंतीला लावून टाकू, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. विकणाऱ्याचं काय जातं सांगायला!

पहिल्या दिवशी वायरमन आला, त्यानं मीटर बघितला आणि विचारलं, "घरात विजेवर काय काय चालतं?"

मास्तर प्रामाणिक. फ्रिज, पंप, इस्त्री, आईची शेकायची पिशवी, काही म्हणता काही सोडलं नाही. शेवटी म्हणाले, "आणि गॅरेजमध्ये हिची भट्टी."

वायरमन गॅरेजमध्ये गेला आणि भट्टीसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

'ही' म्हणजे मास्तरांची बायको. ती मातीचे कप, वाडगे, ताटल्या घडवायची. अख्खी गल्ली तिला कुंभारीणबाई म्हणायची आणि तिला ते मनापासून आवडायचं. अर्धं गॅरेज गाडीचं, अर्धं तिचं. तिच्या अर्ध्यात चाक, मातीची पोती, फळ्यांवर वाळत ठेवलेली भांडी आणि कोपऱ्यात छातीइतकी उंच विजेची भट्टी. ती भट्टी तिनं कप विकून विकून घेतली होती. घरातली दुसरी कुठलीही वस्तू तिनं 'माझी' म्हणून कधी दाखवली नव्हती.

"चार्जरचं काही नाही हो," वायरमन म्हणाला. "पण भट्टी एवढी वीज खाणार आणि गाडीही तेवढीच. दोघांचा भार तुमच्या केबलला झेपायचा नाही. खांबापासून नवी जाड केबल आणावी लागेल. रस्ता खोदणं आलं, परवानगी आली."

मग त्यानं खर्चाचा आकडा सांगितला. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या आईनं, कानातलं यंत्र काढलं, पदरानं पुसलं आणि पुन्हा घातलं. आकडा तोच होता.

"आणि भट्टी नसती तर?" कुंभारीणबाईनं विचारलं.

"मग काय, एका दिवसाचं काम. खर्चही किरकोळ."

"मग भट्टी काढून टाकू," ती म्हणाली. म्हणाली आणि मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिली. ते आता 'छे छे, भलतंच काय' म्हणतील, म्हणून.

"तुला चालेल?" मास्तरांनी विचारलं.

"चालेल."

इतकी वर्षं संसार करूनही या माणसाला कळू नये की त्या सुरातलं 'चालेल' म्हणजे अजिबात न चालणं! पण मास्तरांचा हिशेब रस्त्यावरचा. पुढच्यानं डावा दिवा दाखवला की तो डावीकडेच जाणार. ते मान हलवून मोकळे झाले.

तिला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. डोकं सांगत होतं की गाडीवर घर चालतं. भट्टी जेमतेम स्वतःपुरतं कमावते. डोक्याचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं. पण रोज गॅरेजचं दार उघडलं की तिचा हात आधी भट्टीवरून फिरायचा. एका शाळेच्या चित्रकलेच्या बाईंना भट्टी हवी होती. त्या शनिवारी संध्याकाळी टेम्पो घेऊन येणार असं ठरलं. दोन वेळा ती मास्तरांशी बोलायला गेली आणि दोन्ही वेळा भाजी काय करू, एवढंच विचारून परत आली.

शनिवारी सकाळी तिनं भट्टी शेवटची लावली. आत घरातल्या प्रत्येकासाठी एकेक कप होता, आठवण म्हणून. त्यांची निळी झिलई तिनं आदल्या दिवशी चार वेळा पुसून पुन्हा लावली होती. संध्याकाळपर्यंत भट्टी गार होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेवढीच एक रात्र जास्त मिळेल, असा तिचा भाबडा डाव होता.

दुपारी वायरमन चार्जर घेऊन आला. भिंतीवर खूण करून म्हणाला, "मास्तर, गाडी जरा आत घ्या. वायर कुठवर पोचते ते बघतो."

मास्तरांनी गाडी सुरू केली, दिवा दाखवला आणि मागे घ्यायला लागले. तोच ओट्यावरून सासूबाईंची काठी जमिनीवर आपटली.

"खबरदार! भट्टी चालू, गाडी बाहेर! किती वेळा सांगायचं रे तुला?"

गाडी जागच्या जागी थांबली. वायरमन दचकून म्हणाला, "आजी, दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटंच म्हणाला होता हा मागे! या भट्टीच्या धगीनं जुन्या गाडीचा बंपर असा वाकडा झाला, जिलेबी परवडली. तेव्हापासून माझ्या घरात कायदा आहे. भट्टी लागली की गाडी गल्लीत. भट्टी बंद होऊन भिंत निवली, मी हात लावून बघितला, की मग गाडी आत."

"म्हणजे... नेहमीच असं?"

"नेहमीच. विचार याला."

मास्तरांनी काचेतून डोकं बाहेर काढून होकार दिला.

वायरमनचा हात कपाळावर गेला. "म्हणजे भट्टी आणि गाडी एका वेळी कधीच चालणार नाहीत?"

"कशी चालतील? आई चालू देईल होय?"

"अहो, मग हे आधी सांगायचं ना!"

"तुम्ही काय काय चालतं ते विचारलंत," मास्तर म्हणाले. "कधी चालतं ते कुठे विचारलंत?"

वायरमननं कपाळावरचा हात काढला. तो हसला आणि म्हणाला, "मग रस्ता कशाला खोदायचा? मध्ये चेंजओव्हर स्विच बसवतो. एका बाजूला भट्टी, दुसऱ्या बाजूला गाडी. एक चालू केलं की दुसरं बंद, दोन्ही एकदम लागणारच नाहीत. तुमच्या एका महिन्याच्या पेट्रोलात सगळं बसेल."

कुंभारीणबाई मातीच्या पोत्यावर मटकन बसली. "म्हणजे भट्टी..."

"राहू दे की, ताई. तिनं कुणाचं काय घोडं मारलंय?"

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. वायरमन उगाचच स्क्रूड्रायव्हर शोधायला आपल्या गाडीकडे गेला. मास्तर खाली उतरून तिच्याजवळ आले आणि हात कुठे ठेवावेत हे न सुचून त्यांनी ते खिशात घातले.

"तू चालेल म्हणालीस," ते म्हणाले.

"तुम्ही नको म्हणायचं होतं! एकदा तरी!"

"मला नकोच होतं. त्याच दिवशी ओठांवर आलं होतं." मास्तरांनी भट्टीकडे बघितलं. "पण दिवसभर मी दुसऱ्यांच्या पायाखालचा ब्रेक दाबतो. निदान तुझा तरी दाबू नये, असं मी लग्न झाल्यापासून ठरवलंय. भट्टी तुझी. ती ठेवायची की काढायची, हे मी कोण सांगणार?"

तिनं डोळे पुसले. तिच्या मातीनं माखलेल्या बोटांचा गालावर एक पट्टा उमटला. हा माणूस तिच्याबद्दल इतका विचार करून इतका चुकीचा गप्प बसला होता, की रागवावं की काय करावं हेच तिला कळेना.

"या वेळी दाबायला हवा होता," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. चित्रकलेच्या बाई. टेम्पो निघालाय, भट्टी गार झाली का, असं विचारत होत्या. तिनं फोन कानापासून लांब धरला. दिलेला शब्द कोणत्या तोंडानं फिरवायचा? एरवी मास्तरांनी असा फोन घेतला असता, तर आधी तब्येत विचारली असती, मग हवा, मग 'एक सांगायचं होतं, राग मानू नका' अशी वळणं घेत घेत मुद्द्याशी पोचले असते. त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"भट्टी जाणार नाही," ते म्हणाले. "ती हिची आहे."

इंडिकेटर नाही, काही नाही. माणूस सरळ वळला. कुंभारीणबाई बघतच राहिली.

पलीकडून बाई काहीतरी बोलल्या आणि मास्तरांचा चेहरा पडला. "शाळेतल्या मुलांची भांडी भाजायची राहिलीत म्हणतात," ते हळूच म्हणाले.

"मग इथे घेऊन या म्हणावं! मी देते भाजून, सगळी!" ती पोत्यावरून उठलीच. "आत्ताच या म्हणावं, टेम्पो निघालाच आहे तर!"

मास्तरांनी निरोप सांगितला. फोन ठेवणार, तोच ओट्यावरून काठी पुन्हा आपटली.

"आणि टेम्पो बाहेर लावा म्हणावं!"