दिल्या शब्दाचा नवस

“कोनी आला का पयलं पानी द्यावाचा, नाव मंग इचारावाचा.”

तुळशीला पाणी घालताना रंभाला नवऱ्याचा आवाज असा अधूनमधून ऐकू येई. गोदामाच्या युनियनचा अध्यक्ष असलेला दयाराम वारून सात महिने झाले होते. खाडीवर धुकं पसरलेलं, आणि पलीकडच्या बंदराच्या क्रेन त्यात बगळ्यांसारख्या एका पायावर झोपलेल्या.

द्रोणागिरीच्या गोदामात संप झाला, तेव्हा नवव्या दिवशी पनवेलहून कुंदन आणि जीवन खिचडीचं पातेलं घेऊन आले होते. दोघं पुरुष, एका घरात जोडीनं राहणारे. त्यापायीच कुंदनची नोकरी गेलेली. गेटवर कुणी शीळ घातली. कुणी म्हणालं, “वरात कुनाची रं?” दयारामनं दोघांना पाणी दिलं आणि त्यांच्या मधे बसून खिचडी खाल्ली. मागण्यांच्या कागदात एक ओळ वाढवली: कोण कुणाबरोबर राहतो, यावरून कुणाला कामावरून काढायचं नाही. निघताना त्यांना म्हणाला, “तुमची मिरवनूक निंगल तवा आमचा झेंडा संगती आसंल.”

अशा जोड्यांची, त्यांच्या हक्कांसाठीची ती मिरवणूक आज पनवेलला निघायची होती.

युनियनचा नवा अध्यक्ष तुळशीराम दारात येऊन घुटमळला. “वैनी, झेंडा न्यावाला मानसां नको बोलतान. पोरींची लगनं व्हावाची हान. दादा गेला, त्याचा शब्दबी त्याच्यासंगं गेला.”

“तुज्या बापानं देवीला नवस बोलला व्हता,” रंभा हळूच म्हणाली. “बाप गेला. मंग नवस कोनी फेडला?”

“मीच. घरावं ऱ्हातो ना तो.” बोलून गेल्यावर तो चपापला. “पन ह्यो काय देवाचा हाय?”

“खिचडी खाल्लीस का नाय तू?”

“खाल्ली. दोनदा.”

“उपाशी पोरांच्या तोंडात घास घालनाऱ्याला मी तं देवच मानते, बाबा.”

तुळशीरामनं विचारलं, “आन् तिथं कोन म्हनून उबी रावशील?”

“गोदामात झाडू मारते. युनियनची हाय. आनखी काय सांगावाचा?”

त्यानं खिशातून युनियनच्या ऑफिसची किल्ली काढली, ओट्यावर ठेवली आणि वर न बघता निघून गेला.

संकष्टी होती. चंद्र दिसेपर्यंत तोंडात काही घालायचं नव्हतं. रंभानं देवापुढे हात जोडले, ऑफिस उघडलं आणि काठीसकट झेंडा खांद्यावर घेतला. वाटेत मोरा बंदरावरून मासळी घेऊन येणारी शकू पाटी सावरत थांबली.

“वैनी, परत संप हाय का गो?”

“नाय गो. जरा जावाचा हाय एके ठिकानी.”

आणि ती धुक्यातून पनवेलच्या रस्त्याला लागली.