कुंपणामागच्या फेकी

मी एक मोजणी-यंत्र. मुठीत मावणारं, पोलादी, डोक्यावर खटका. अंगठ्याने दाबलं की टक् वाजतं आणि आकडा एकाने पुढे सरकतो. माझं शिक्षण एवढंच, पण त्याच्या जोरावर मी ओहायोतल्या एका अख्ख्या गावाला गप्प बसवलंय!

लॉरेटाबाई गावच्या बेसबॉल संघाचे गुण लिहीत. पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, सामन्यात टाकलेल्या फेकी त्या पेन्सिलीने वहीत मांडत. पण मैदानात उतरण्याआधी तो हात गरम करायला ज्या फेकी टाकतो, त्या मोजायला त्यांनी मला विकत घेतलं. लोक हसले. "हाताला काय कळतंय, सामना चालू झालाय की नाही ते? फेकला की दुखतोच," बाई म्हणायच्या.

मला सर्वांत जास्त राबवलं वेंडेल प्रॉकने. तो राखीव पिचर. मैदानातला पिचर डगमगला की प्रशिक्षक ओरडायचे, "वेंडेल, ऊठ!" कुंपणामागे तो पंचवीस-तीस फेकी टाकून तयार व्हायचा, तोवर मैदानातला सावरायचा. "बस खाली!" चौदा वर्षं हेच. कधीकधी एका दुपारी तीनदा.

तो निवृत्त झाला त्या वर्षी गावाने ठरवलं, संघासाठी ज्याचा हात सर्वांत जास्त राबला, त्या एकाच पिचरचा जर्सीवरचा क्रमांक कुंपणावर रंगवायचा. वेंडेलला तो मान हवा होता. खांदा इतका गेला होता की कॉफीचा मगही तो डाव्या हाताने उचलायचा.

समितीचे अध्यक्ष ऑर्व्हिल यांनी छापील पुस्तक उघडलं. "चेस्टर हुबका, आपला मुख्य पिचर, बाराशे डाव. वेंडेल, पाचशे. संपला विषय! वेंडेल, लेका, तू तर अर्धं आयुष्य बाकावर सूर्यफुलाच्या बियाच चघळल्यास!"

सगळे खो-खो हसले. वेंडेल टोपीची कड चाचपत राहिला. माझा नुसता जळफळाट झाला.

लॉरेटाबाई उठल्या. चौदा वर्षांच्या वह्या त्यांनी टेबलावर आपटल्या.

"चेस्टर. सामन्यात अठरा हजार चारशे, तयारीच्या सोळा हजार. एकूण चौतीस हजार चारशे. वेंडेल. सामन्यात आठ हजार शंभर, तयारीच्या एकोणतीस हजार. एकूण सदतीस हजार शंभर."

"अहो, तयारीच्या फेकी कोण मोजतं?"

"मी," बाई म्हणाल्या, आणि मला वह्यांवर ठेवलं.

ऑर्व्हिल यांनी पुस्तक मिटलं. मग चेस्टरच उभा राहिला. "ऑर्व्हिल, आपली फलंदाजी चालू असताना बाकावर बिया मी चघळत होतो. हा तिकडे घाम गाळत होता. हा तयार आहे हे दिसलं की मला धीर यायचा, म्हणून तर मी सावरायचो. आणा तो ब्रश."

वेंडेलचा एक्केचाळीस क्रमांक चेस्टरने स्वतःच्या हाताने कुंपणावर रंगवला. शनिवारी दुपारी सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. वेंडेलने मानाचा एक चेंडू टाकला. तो वाटेतच टप्पा खाऊन घरंगळला, तरी टाळ्या थांबेनात. बाईंनी मला शून्यावर आणून ठेवलं होतं. टक्!

आता मी त्याच कुंपणावर, त्या एक्केचाळीसच्या खाली साखळीला टांगलेलं आहे. खटका गंजलाय, आकडा एकावरच अडकलाय. सामन्याला आलात तर माझं एवढं ऐका. मैदानाकडे बघताना एकदा कुंपणामागेही नजर टाका. तिथे आजही कोणीतरी हात गरम करतोय, आणि मला आता मोजता येत नाही.