वाकलेली धार

तारकर्लीच्या मांडावर, देवकार्याला गाव जमतो त्या जागी, माणूस माणसाला रेटत होता. टांगलेल्या अभिषेकपात्रातून पाण्याची बारीक धार सरळ पडत होती. तीर्थ देऊन ताप उतरवणाऱ्या बुवांनी काळी कांडी जवळ नेली, न टेकवता. धार कांडीकडे वाकली.

"बघलात? गंगा माका नमस्कार करता! आता खंयचो डॉक्टर नि खंयची सुई!"

सासूबाईंनी मला ढोसलं. "हात जोड गो. शिवाचो ताप आता उतारतलो."

माझा शिवा खांद्यावर तापाने भाजत होता. गेल्या पौषात माझी लेक जानकी अशीच तापली होती. तिला ह्याच धारेचं तीर्थ पाजलं. ती गेली. तेव्हापासून मला ना रडू येतं, ना राग.

बुवांनी गाऱ्हाणं घातलं, "ह्या लेकराची पीडा समिंदरात बुडव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळा मांड एका सुरात म्हणाला.

गाऱ्हाण्याला सगळे डोळे मिटतात. मी मिटले नाहीत. जानकी गेल्यापासून मुलावरची नजर काढवत नाही. म्हणून त्याच्या डोक्यावरून समोरचं दिसलं. बुवा कांडी खांद्यावरच्या लोकरी कांबळ्यावर घासत होते.

मी पिशवीतली प्लास्टिकची फणी काढली, शिवाच्या लोकरी टोपड्यावर खसाखसा घासली आणि धारेजवळ धरली. धार वाकली.

बुवा गडबडले. "तुझ्या फणयेतय देवच इलो गो!"

"मगे बुवानू," शेजारची तुळसाकाकू म्हणाली, "माझ्या फणयेत आजवर उवोच गावल्यो!"

मांड हसला. सासूबाई हसल्या नाहीत. "पण पाणी वाकता कित्याक?"

कॉलेजात शिकलेलं मी सांगितलं. पाण्याच्या कणात एक ऑक्सिजन, त्याला बिलगलेले दोन हायड्रोजन. ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉनच्या आणखी दोन जोड्या असतात, कुणाशीच न बांधलेल्या. त्या ऐसपैस जागा घेतात नि हायड्रोजनना एका अंगाला रेटतात. म्हणून कण सरळ नाही, वाकडा. त्याच्या एका टोकाला थोडा धनभार, दुसऱ्याला ऋणभार. घासून विजेचा भार आलेली फणी त्याला ओढते. त्या जोड्या दिसत नाहीत. पण आकार त्यांच्यामुळेच ठरतो.

जानकीचं नाव घरात कुणी काढत नाही, तरी जेवताना तिची जागा सोडूनच सगळे बसतात.

सासूबाईंनी शिवाला माझ्याकडून घेतलं, छातीशी धरलं. "चल. मालवणाक, डॉक्टराकडे. ह्या खेपेक उशीर नको."

धार वाकते, वाकू दे. ती कुणाच्याही फणीकडे वाकते. मूल तापलं तर आधी दवाखाना गाठा. गाऱ्हाण्याला हात खुशाल जोडा. डोळे मात्र उघडे ठेवा.