दोन ते तीन

"मंगळवारी माझा तास कुणीतरी धरा," गजराबाई म्हणाली. "मला त्या दिवशी ट्रेनिंग हाय. दिवसभर सोडत न्हाईत."

उपासना संपून चहा चालला होता. हर्षालीने कागदी कपांचा ट्रे तिच्यापुढे धरला होता, तो तसाच राहिला.

"कसला तास, मावशी?"

"कसला म्हंजे? साखळीचा. दोन ते तीन. माझ्यामागं तूच की, तीन ते चार. एक दिवस तासभर आधी बसलीस तर जमल का?"

हर्षाली हसली. मग गजराबाई हसत नाही हे तिला दिसलं आणि तिने मान वळवून हाक मारली, "पास्टर, जरा इकडं या ना."

तीन वर्षांपूर्वी चर्चची ही मंडळी बार्शी नाक्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरत असे. बायपासला जागा मिळाली होती, पण हॉलचं बांधकाम जोत्यावर अडलं होतं. तेव्हा पास्टर कुमारने साखळी प्रार्थना सुरू केली. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत प्रत्येक तासाला एक माणूस. आपला तास संपला की पुढच्याला मिस्ड कॉल द्यायचा. म्हणजे साखळी त्याच्या हातात गेली. "मी स्वतः थांबा म्हणेपर्यंत ही साखळी थांबायची नाही," पास्टर म्हणाला होता. गजराबाईने ते वाक्य जसं ऐकलं तसं जपलं.

ती गावाबाहेरच्या शाळेत मुलांचं जेवण शिजवते. दोनच्या सुमाराला पंगती उठतात. मग ती धान्याच्या खोलीत जायची, दार लोटून घ्यायची आणि तांदळाच्या पोत्यांमध्ये बारदान अंथरून गुडघ्यांवर बसायची. तिच्याबरोबर काम करणारी नागम्मा बाहेर एकटी भांडी घासायची आणि मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "निघाली बघा, देवाचा डबा पोचवायला."

पहिले काही महिने दोनला, तिच्या आधीचा तास धरणाऱ्या बलभीमकाकांचा कॉल यायचा. मग तो थांबला. गजराबाईला वाटलं, वय झालंय, विसरत असतील. तिने हे कुणाला सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाची चारचौघांत शोभा कशाला. ती शाळेच्या घंटेवर बसू लागली.

पास्टर कप हातात घेऊनच आला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला.

"मावशी, ती साखळी हॉलचं उद्घाटन झालं तेव्हाच बंद केली. गेल्याच्या गेल्या नाताळात. ग्रुपवर टाकलं होतं मी. ऑडिओसुद्धा पाठवला होता."

"माझ्या फोनात ग्रुप न्हाय, पास्टर. बटनाचा हाय माझा."

"म्हणजे तुम्ही अजून..."

"रोज."

शेजारी कुणीतरी फिस्सकन हसलं. पास्टर हसला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खरं होतं. "प्रेज द लॉर्ड," तो अगदी हळू म्हणाला.

गजराबाई हर्षालीकडे वळली. "मग तू बसत नव्हतीस?"

"नाही हो. बंदच झाली होती ना."

"अन् माझा कॉल? तो तर रोज लागायचा तुला."

"मला वाटायचं, तुम्ही सलाम म्हणून देता. आठवणीनं." हर्षाली मायेने बोलत होती. "इतकी सवय झालीय मला. तुमचा कॉल आला की मी गॅस बंद करते आणि खाली उतरते. उत्कर्षची शाळेची गाडी त्याच वेळेला येते. एकदासुद्धा उशीर नाही झाला बघा मला."

गजराबाईने चहा संपवला. कप कुठे टाकायचा ते विचारलं आणि तिथे टाकला.

घरी जाताना ती रिक्षात बसली नाही. एवढं अंतर ती कधी चालत नसे. हिशेब तिला करावा लागला नाही. तो आपोआप होत होता. हॉल नाताळात झाला. आई गेली त्यानंतरच्या शिमग्याच्या तोंडावर.

आईला माकणीहून सोलापूरच्या दवाखान्यात नेलं होतं. धाकटा भाऊ मल्लेश तिच्या उशाशी होता. दोन वाजले तशी गजराबाई उठली.

"कुठं चाललीस?" मल्लेशने विचारलं.

"जिन्यात. माझा तास हाय. आत्ता येते."

"आज तरी ऱ्हाऊ दे की, अक्का. तुझं नाव घ्यायलीय ती सारखी."

"माझ्या एकटीचं असतं तर ऱ्हायलं असतं, बाबा. माझ्या मागं माणसं हायत, पुढं माणसं हायत. मधीच सोडली तर समद्यांचीच तुटती."

जिन्यात माणसं डबे घेऊन वर-खाली जात होती. ती भिंतीकडे तोंड करून बसली. रविवारी वाचलेली आजाऱ्यांची नावं तिला पाठ असत. ती एकेकासाठी मागत गेली: कुणाचा मधुमेह, कुणाची सून नांदत नव्हती, कुणाच्या मुलाला नोकरी नव्हती, हर्षालीच्या उत्कर्षला टायफॉइड झाला होता. आधी इतरांचं, मग आपलं, असं शिकवलेलं होतं. म्हणून आईचं नाव शेवटी. ती त्या नावाशी आली तेव्हा मल्लेश जिना उतरून आला आणि दोन पायऱ्या वर थांबला. आई गेली हे तिला त्याच्याकडे बघूनच कळलं. ती उठली, पण आधी तिने हर्षालीला मिस्ड कॉल दिला. ती तो देत असताना मल्लेशने पाहिलं. त्यानंतर तो तिच्याशी बोललेला नाही.

सोमवारी पंगती उठल्या, घंटा झाली आणि गजराबाई बाहेरच उभी राहिली. मग पदर खोचून भांड्यांपाशी आली.

"का गं?" नागम्मा म्हणाली. "देवानं रजा दिली का आज?"

"साखळी बंद झाली."

"बरं झालं. कवा?"

"झाली की दोन वर्सं."

नागम्मा मोठ्याने हसली. हसता हसता तिचा हात मोठ्या पातेल्यात थांबला. "अवं, म्हंजे तुझ्या आईच्या येळंला..."

"व्हय."

नागम्माने पाय आखडून शेजारची फरशी मोकळी केली. "बस हितं. ती मोठी पातेली ऱ्हाऊ दे मला, तू ताटं घे."

मंगळवारी ती ट्रेनिंगला जाऊन आली. किती मुलांना किती डाळ, हे तिला बारा वर्षं माहीत होतं, ते पुन्हा सांगितलं. गुरुवारी शाळा सुटताना पास्टर मोटारसायकलवर आला. त्याने गाडी लिंबाखाली लावली आणि आईला विचारावं तसं विचारलं, "जेवलात का, मावशी?"

"जेवले. बोला."

"पुढच्या रविवारी हॉलचा वर्धापनदिन आहे. पुण्याहून ब्रदर अमरसिंह येणार आहेत संदेशाला. विषयच विश्वासूपणा आहे. मला वाटतं, तुमच्या साक्षीपेक्षा मोठा संदेश कुठला नाही. दोन मिनिटं बोला फक्त."

"काय बोलू?"

"जे झालं तेच. कुणी नव्हतं तेव्हा तुम्ही एकट्या होतात. माणसं विसरली, पण देव रोज दोन वाजता तिथं होता."

गजराबाई लिंबाकडे बघत होती. "पास्टर, माझी आई त्या तासात मेली. तुमाला ठावं हाय."

"हो. मी आलो होतो ना भेटायला."

"तवा साखळी नव्हतीच."

पास्टरने हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "देवापुढं काहीच वाया जात नाही, मावशी."

"वाया गेलं का न्हाई ते न्हाय विचारलं म्या. तुमी म्हणला हुतात, मी स्वतः सांगीन. मंग एक फोन का न्हाई केला?"

"ग्रुपवर टाकलं की पोचलं, असं वाटतं हो सगळ्यांना. चुकलं माझं." तो प्रामाणिकपणे म्हणाला, मग थोडं थांबून त्याच आवाजात पुढे म्हणाला, "फक्त रविवारी ते आईचं नको काढायला. नवे लोक असतात. जड जातं त्यांना."

तिने येते म्हणून सांगितलं. नाही म्हणायला तिच्याकडे दुसरी कुठली मंडळी नव्हती. माहेर तुटलं होतं, नवरा नव्हता, आणि सोळा वर्षं तिच्या आजारपणात दारात आलेलं माणूस याच मंडळीतलं होतं.

रविवारी हॉल भरला होता. पडद्यावर गाण्यांचे शब्द उमटत होते, लोक हात वर करून गात होते, काहीजण रडत होते. गजराबाईही गायली, गाणं तिला आवडायचं. मग पास्टरने तिची गोष्ट सांगितली. तो चांगलं सांगायचा. पोती, बारदान, शाळेची घंटा, काही त्याने सोडलं नाही. हर्षाली उभी राहून डोळे पुसत म्हणाली की त्या मिस्ड कॉलमधून देव माझ्या मुलाला राखत होता. टाळ्या झाल्या. गजराबाईला वर बोलावलं गेलं आणि माइक तिच्या हातात आला.

"म्या तास धरला," ती म्हणाली. माइकमधून आलेला स्वतःचा आवाज ऐकून ती थबकली. "ते खरं हाय. पर त्या तासात माझी आई मेली, अन् म्या जिन्यात हुते. ती मला हाका मारत हुती."

कीबोर्डवाल्याने मागे एक हळुवार सूर धरला. साक्ष भरात आली की तो तसं करत असे.

पास्टरने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हालेलुया," तो म्हणाला. "आई हाका मारतेय, आणि ही बहीण काय म्हणते? आधी माझा प्रभू!"

लोक उठून उभे राहिले. टाळ्या बराच वेळ चालल्या. मघाशी उत्कर्षच्या वेळी झाल्या होत्या त्याहून मोठ्या.

"तसं न्हाई," गजराबाई म्हणाली, पण टाळ्यांत ते तिलाही ऐकू आलं नाही.

ब्रदर अमरसिंह पुढे आले. गोरे, उंच, स्वच्छ शर्टातले. त्यांनी दोन्ही हात वर करून लोकांना शांत केलं. "यानंतर मी काय संदेश देणार? सिस्टर गजराच आपल्याला प्रार्थनेत नेतील. चला, डोळे मिटू या."

सगळ्यांनी डोळे मिटले. माना खाली गेल्या. पंख्यांचा आवाज तेवढा उरला. प्रार्थना कशी सुरू करायची हे गजराबाईला ठाऊक होतं. ते शब्द तिच्या तोंडात रोजचे होते. तिने ते उच्चारले नाहीत. ती माइक धरून उभी राहिली आणि मिटलेल्या डोळ्यांच्या त्या रांगांकडे बघत राहिली. पहिल्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. "येस, लॉर्ड," मागून एकजण पुटपुटला. कीबोर्डचा सूर तसाच लांबत होता.

बऱ्याच वेळाने ब्रदर अमरसिंह म्हणाले, "आमेन."

"आमेन," सगळा हॉल म्हणाला.

गजराबाईने माइक टेबलावर ठेवला. तो कुठून बंद करतात ते तिला माहीत नव्हतं, म्हणून ठेवल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.