झाकणावरची तेरा मते

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे. १९२३ साली रत्नागिरीच्या एका सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवले. माझे सांधे इतके नेटके होते, की कचेरीतले साहेब मला उलटीपालटी करून बघत आणि वाहवा करत. त्या कौतुकाने मी फुशारून गेले होते, हे कबूल करते. आता मी कचेरीच्या अडगळीत पडून आहे, आणि झाकणावर नुसती पाल पडली तरी माझ्या काळजात धस्स होते.

सुरुवातीला लोकल बोर्डाच्या निवडणुकीत मत देण्याची तऱ्हा अशी, की ज्याला लिहिता येत नाही त्याने अंमलदाराच्या कानात नाव सांगायचे आणि त्याने कागदावर खूण करून तो माझ्यात टाकायचा. पण दर्यावर ओरडून बोलायची सवय असलेल्या खारवी माणसाचे कुजबुजणेसुद्धा बंदरापर्यंत ऐकू जाते. कोणी कोणाला मत दिले ते तिन्हीसांजेच्या आत गावभर होई, आणि मग रुसवेफुगवे चालत.

म्हणून १९३४ साली नवी तऱ्हा निघाली. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळ्या रंगाची पेटी ठेवायची, आणि मतदाराने एकट्याने आत जाऊन आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकायचा. मला पिवळा रंग दिला. माझ्या शेजारी हिरवी पेटी होती. आम्ही दोघी पूर्णगडच्या शाळेत जाऊन बसलो.

माझा उमेदवार धोंडू मास्तर. त्याचे एकच सांगणे होते. खाडीवरच्या होडीच्या फळ्या कुजल्या आहेत, मला निवडून द्या, बोर्डाकडून नवी होडी आणतो. हिरव्या पेटीचा उमेदवार म्हणे, आहे ती होडी अजून दहा वर्षे चालेल. तो स्वतः खाडीच्या अलीकडे राहत होता.

पलीकडच्या वाडीची तेरा माणसे त्याच होडीतून, करवंटीने पाणी उपसत मत द्यायला आली. पुढे होती सगुणाबाई. नवऱ्यामागे जमीन तिच्या नावावर लागली, म्हणून तिला मत होते. तिची लेक मालन अलीकडच्या गावात दिली होती आणि आईला भेटायला दर आठवड्याला खाडी ओलांडत असे. त्यामुळे होडीचा घोर सगुणाबाईला सर्वांत जास्त.

टेबलापाशी भिकाजीपंत कारकून होते. "पिवळी किंवा हिरवी, ज्याची त्याची पेटी बघा, कागद द्या आणि बाहेर या," असे ते प्रत्येकाला सांगत. फटीतून आत सोडा, हे त्यांनी सांगितले नाही. ते काय सांगायचे, असे त्यांना वाटले.

सगुणाबाई माझ्यासमोर उभी राहिली. तिने हात जोडले. माझ्या फटीकडे बघून ती थबकली. ते तिला माझे तोंड वाटले. तिच्या घरात देवाला कौल लावायचा मान होता. देवाच्या अंगावर फूल ठेवायचे असते, तोंडात कोंबायचे नसते. तिने कागद अलगद माझ्या झाकणावर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कनवटीची सुपारी त्यावर ठेवली.

बाहेर, टेबलापासून दूर ओट्यावर थांबलेल्या मागच्यांना ती म्हणाली, "सुपारीखाली ठेवा. तोंडात घालू नका, उष्टा व्हतो. त्याचा तो घेतो."

बारा जणांनी तसेच केले. मित्रांनो, मला तोंड होते, पण बोलता येत नव्हते. तेरा माणसांचा विश्वास माझ्या डोक्यावर होता आणि बोटभर खाली घ्यायची सोय नव्हती.

संध्याकाळी पडदा काढला. भिकाजीपंतांनी ते कागद पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. पेटीबाहेरचे मत रद्द, असा नियम होता. त्यांनी तेरा कागदांवर 'रद्द' लिहिले. धोंडू मास्तर नऊ मतांनी पडला. मोजणी झाल्यावर देवाची सुपारी टाकवेना, म्हणून पंतांनी ती माझ्यात सोडली.

पुढल्या वर्षीच्या श्रावणात भर खाडीत होडीची फळी निखळली. तिघे बुडाले. त्यांत मालन होती. नवी होडी आली असती की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तेव्हापासून अडगळीत उंदीर मला धडकला, की माझ्या पोटात ती सुपारी गडगडे आणि मला खाडी आठवे. शिपाई धाकू मला हात लावेना. "पेटीत कोणतरी हाय," असे म्हणे. भिकाजीपंत त्याला हसत नसत. त्यांनी माझे तोंड भिंतीकडे केले होते.

१९३८ साली पुन्हा निवडणूक आली. सुपारी काढली, मला पुन्हा पिवळा रंग दिला. शाळा तीच, कारकून तेच. या खेपेला फटीची गोष्ट नीट समजावायची, असे ठरवूनच पंत आले होते. पण सगुणाबाईने आधी विचारले, "रावसायेब, गेल्या बारीला मी कागद ठेवलावता. तो पोचला काय?"

पंतांनी तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले. "पोचला," ते म्हणाले.

"मंग देवाच्याच मनात नव्हता," ती म्हणाली आणि आत आली. तिने कागद माझ्या झाकणावर ठेवला. बाहेर जाऊन ती मागच्यांना सांगू लागली, "तसाच ठेवा. पोचतो. रावसायेबांनी सांगितलान."

तेव्हा भिकाजीपंत खुर्चीवरून उठले. सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, खोटे बोललो. तुमची तेराही मते पोचली नव्हती. आत टाकायची असतात, हे मी तुम्हाला सांगितले नव्हते."

मग सगुणाबाई हळूच म्हणाली, "म्हंजे माज्या हातानं..."

"तुमच्या नाही. माझ्या," पंत म्हणाले.

ती परत आत आली. कागद उचलून तिने फटीत सरकवला, बोटाने खाली लोटला आणि माझ्या लाकडाला कान लावून उभी राहिली. तो तळाला टेकल्याचे दोघींनाही कळले.

त्या वेळी धोंडू मास्तर निवडून आला. नवी होडीही आली. धाकू सांगतो, सगुणाबाई तिच्यात बसत नाही. लेकीच्या घरी नातवाला बघायला जाते, ती खाडीला वळसा घालून, दिवसभर चालत.

मित्रांनो, रीत ठाऊक नसलेल्या माणसाला ती हाताला धरून दाखवा. आणि आपल्या हातून चूक झाली असेल, तर त्या माणसाने येऊन विचारेपर्यंत थांबू नका.